मोबाईलच्या रस्त्यानं आष्टीला

पवनारहून आष्टीपर्यंत चालत जायचं ठरवलं ते मी. शाळेतून निवृत्त झाले होते, गुडघे अजून धड होते, आणि आष्टी माझं माहेर. एसटीच्या खिडकीतून इतकी वर्षं पाहिलेला मुलूख एकदा पायांनी पाहायचा होता. धाकट्या नणंदेला हे कळलं आणि तिनं मला न विचारता नागपूरच्या तिच्या बँकेत रजा टाकली. "एकट्या कशा जाता वहिनी? माझ्याकडे अ‍ॅप आहे."

पहिल्याच दुपारी मला त्या अ‍ॅपचा वीट आला. नणंदेच्या कमरेच्या पिशवीतून एक बाई दर किलोमीटरला हिंदीत आमचा वेग सांगायची. मी बोराच्या झाडाखाली टेकले की नणंद घड्याळाकडे बघायची. "सरासरी खाली येऊन राह्यली, वहिनी." त्या सरासरीचं काय करायचं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. "वीस मिनिटं झाली, एकाच जागी काऊन बसल्या?"

"तुम्हाले कसं कळलं?"

"दिसून राह्यलं ना इथं."

चार्जिंगला म्हणून आदल्या रात्री नणंदेनं माझा फोन नेला होता. तेव्हाच तिनं त्यातही ते अ‍ॅप टाकलं होतं. घरच्या ग्रुपवर माझा ठिपका सगळ्यांना दिसत होता. मी झुडपामागे गेले तेही दिसलं असणार. मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी गाडरस्ता एका कपाशीच्या वावराशी उजवीकडे वळला. अ‍ॅपमधली रेघ मात्र सरळ वावरातून जात होती.

"इथून गेलं तर दीड किलोमीटर वाचतं," नणंद म्हणाली.

"वळणानं जाऊ."

"तुम्हाले फक्त माझं ऐकायचं नाई."

ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर चढली. धुऱ्याच्या कडेनं बारीक तार ओढलेली होती, खुंट्यांना पिवळे प्लास्टिकचे तुकडे लावलेले. माझ्या भावाच्या वावरात तशीच तार आहे. रानडुकरं हाकलायला विजेचं झटका मशीन. माणूस मरत नाही, पण हातापायातलं बळ क्षणभर जातं. मला ते पक्कं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

पलीकडे कापूस वेचणारी एक म्हातारी ओरडली, "ओ बाई! तारेले हात नोको लावू!"

तोवर नणंदेनं तार वर उचलली होती. किंचाळून ती मागे कोसळली, काळ्या मातीत बसकण मारून. मला बरं वाटलं. अगदी पोटातून बरं वाटलं. दुसऱ्याच क्षणी मी तिच्याजवळ गेले, तिला पाणी पाजलं.

म्हातारी धुऱ्याशी आली. "कुठं निघाल्या बाई?"

"आष्टीले. मोबाईलमध्ये इथून रस्ता दाखवते," नणंद रडतच म्हणाली.

"मोबाईलात असन. वावरात कधीच नोता." मग म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. "तू त जवळच उभी होती. तुले तार दिसली नाई काय?"

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिले. नणंदेनं हळूच मान वळवली. तिला सगळं कळलं.

"तुम्हाले माहीत होतं, वहिनी?"

"हो."

ती उठली, कपडे झटकले आणि वळणाच्या रस्त्यानं माझ्यापुढे चालू लागली. आष्टीपर्यंत आमच्यात अर्धा किलोमीटर अंतर राहिलं. ना तिनं ते कमी केलं, ना मी. माझ्या भावाच्या दारात तिनं चहा घेतला, त्याच्याशी हसून बोलली आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेली.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी माफी मागायचं ठरवलं होतं. पण आल्या आल्या नवरा म्हणाला, "हिच्यामुळेच तू सुखरूप पोचली," आणि तिनं मान डोलावली. मी आत जाऊन करंज्या तळत बसले.