बॉम्ब शेल्टरवरची टकटक

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या या फ्लॅटमध्ये माझी खोली म्हणजे घरातलं बॉम्ब शेल्टर. खिडकी नाही, जाड भिंती, पोलादी दार. इमारतीत अशी शेल्टरं मजल्यागणिक एकावर एक रचलेली. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला परदेशात घरकाम मिळालं, वर स्वतःची खोली. कुरकुर कशाची करू? ताईंचे उपकारच.

ताई पुण्याच्या, इंजिनिअर. साहेब ब्राझीलचे. त्यांची आई, म्हणजे आजी, रोज दुपारी माझ्या दारावर टकटक करायच्या. तीनदा. मग कान लावून उभ्या.

ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उत्तर द्यायचं नाही, दारही उघडायचं नाही. आधीच्या बाईनं आतून टकटक केली, तर आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. तिला परत पाठवावं लागलं."

"पण बोलावतात कुणाला?"

"त्यांच्या भावाला." तिकडे ब्राझीलमध्ये वीसेक वर्षं लष्कराचं राज्य होतं म्हणे. कॉलेजातली पोरं घरातून उचलून न्यायचे. चौकशीला गेलं की उत्तर एकच, असा कुणी इथे आणलाच नव्हता. अशा माणसाला ते 'देझापारेसिदु' म्हणतात, नाहीसा झालेला. गेला म्हणून दिवस घालता येत नाहीत, आहे म्हणून ताट वाढता येत नाही. आणि जिथे कोंडायचे त्या जागेला 'पोरांव'. तळघर. "शब्द साधेच गं," ताई म्हणाल्या. "आपण नाही का तळघरात धान्य ठेवत?"

माझ्या खोलीतही तांदळाचं पोतं होतं.

तेव्हापासून दुपारी मी आत जायचेच नाही. एकदा स्वयंपाकघरात कपडे वाळत घालत होते. आजींनी टकटक केली. आणि आतून टकटक आली. तीनदा, सावकाश.

वरच्या नाहीतर खालच्या शेल्टरमधून आली असेल. असेलच. पण हातातला ओला कपडा मी तसाच परत बादलीत टाकला.

आजी वळल्या, चेहरा लहान मुलीसारखा उजळलेला. "ओपन! ओपन!"

उघडलं तर नोकरी जाणार. पण त्या चेहऱ्यापुढे नाही म्हणवेना. उघडलं. आत माझी गादी, माझी बॅग, खुंटीला लटकलेला माझा गाऊन. आजी बघत राहिल्या. मग माझं मनगट घट्ट धरून त्यांनी मला दारापासून ओढत नेलं, सोफ्यावर बसवलं. ताई येईपर्यंत सोडलं नाही.

"ताई, मी दार उघडलं. चुकलं माझं." मनातल्या मनात माझी बॅग भरून झाली होती.

आजी पोर्तुगीजमध्ये भराभर बोलत होत्या. ताई ऐकता ऐकता खुर्चीत टेकल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आता हिला आत ठेवलंय. हिचं पूर्ण नाव लिहून घे, बापाच्या नावासकट. उद्या कुणी म्हणायला नको, अशी बाई इथे नव्हतीच."

मी सांगितलं. आजींनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कागद पोलादी दारावर चिकटवला.

"गादी आजींच्या खोलीत टाक," ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि कुकर लाव."

आजींनी दोनदा भात मागून घेतला. मी वाढत होते, नोकरी राहिली म्हणून देवाचे आभार मानत होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझं नाव एखाद्या दारावर लागलं होतं. त्याच्याकडे बघायचा मात्र धीर होईना.