लाल बोयाच्या पलीकडे

माझी आत्या होड्यांच्या मागे लावायची इंजिनं दुरुस्त करते. धक्क्यावर सगळे तिला 'डॉक्टरीण' म्हणतात, आणि तेही थट्टेने नव्हे. तिच्या हाताखालून गेलेलं इंजिन पुन्हा कुरकुरत नाही, निदान बंदराच्या आत तरी. हे मी भाची म्हणून सांगत नाही. बरं, म्हणूनही सांगते.

हौसेने होडी घेणारे लोक परवान्याचं विचारायला तिच्याकडेच येतात. "मोठ्या होडीला मोठा परवाना ना?" असं कोणी म्हटलं की तिचं डोकं सटकतं. "वर्ग होडीचा नसतो हो, पाण्याचा असतो. पहिला बंदराच्या आतला, तो लाल बोया तरंगतोय ना, तिथपर्यंत. दुसरा किनारा दिसतो तिथवर. तिसरा त्याच्याही पुढचा. आधी कुठल्या पाण्यात जाणार ते ठरवा, मग फॉर्म भरा."

तिचा स्वतःचा मात्र पहिलाच वर्ग. बावीस वर्षं ती दुरुस्त केलेलं इंजिन बोयापर्यंत नेई आणि तिथून वळे. पुढच्या लाटांवर चालवून बघायचं काम माझ्या वडिलांचं, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, कारण दुसरा वर्ग त्यांच्याकडे. ते परत येऊन म्हणत, "छान चालतंय." वडिलांना बंद पडलेलं सोडून सगळंच छान चालताना दिसतं. तू शेजारी बसून ये ना, असं मी सुचवलं तर आत्या म्हणाली, "दुसऱ्याच्या हाताने नाडी बघतात का गं?"

शेवटी बावन्नाव्या वर्षी तिने दुसऱ्या वर्गाचा फॉर्म भरला. लेखी परीक्षेत पहिली आली. प्रात्यक्षिकाला परीक्षक म्हणाले, "सरळ बाहेर घ्या." ती निघाली, बोया आला आणि होडी वळली. बावीस वर्षांची सवय. डोक्याला कळायच्या आत हाताने काम उरकलं होतं. परीक्षकांनी नापासाचा शेरा मारला. धक्काभर हसं झालं. मला रडू आलं, तिला राग आला, तोही स्वतःच्या हाताचा.

फॉर्म भरलेल्या माणसाला परवानाधारक सोबत असला की सराव करता येतो. रोज सकाळी ती वडिलांना घेऊन बोयाकडे जायची. पाच दिवस हात वळतच राहिला. सहाव्या दिवशी वडील म्हणाले, "ताई, बोयाकडे कशाला बघतेस? इंजिन ऐक." त्या दिवशी बोया कधी मागे पडला ते तिला कळलंही नाही.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. परवाना आला तेव्हा मी तो चार वेळा वाचला. अभिमानाने नुसती फुगले होते.

त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाची होडी घेऊन ती एकटी बाहेर गेली. अर्ध्या तासाने आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"लाटेवर चढताना याला धाप लागतेय. पुन्हा उघडावं लागेल."

गिऱ्हाईक वडिलांकडे वळलं. "अहो, गेल्या वर्षी तुम्हीच चालवून पाहिलंत. उत्तम आहे म्हणालात."

माझ्या वडिलांनी तोवर जन्मात कधी माघार घेतली नव्हती. ते सगळ्या धक्क्यादेखत म्हणाले, "मी नुसतं फिरवून आणत होतो, साहेब. तपासलं ते आज."