शनिवारी स्लाइड्स कोणी परत केल्या?

भूत, करणी, भानामती... असलं कोणी सांगू लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जायची. आमच्या घरात बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे नाहीत. वडिलांनी एकच शिकवलं — पुरावा माग. म्हणून पुराव्यासकट सांगते.

नांदेडच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत मी असिस्टंट आहे. पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारी हिरवं लोखंडी कपाट आहे. त्यात नकाशे, तक्ते, डीव्हीडी, जुन्या स्लाइड्स, फक्त स्टाफला द्यायच्या. वस्तू बाहेर गेली की नेणाऱ्याचं कार्ड तिच्या जागी ठेवायचं आणि रजिस्टरमध्ये सही घ्यायची. सोळा वर्षं किल्ली माझ्या एकटीकडं होती. मग कंत्राटावर अर्धापूरची शीतल आली, दुसरी किल्ली तिला मिळाली, आणि प्राध्यापक मंडळी माझ्या टेबलासमोरून पुढं जाऊन विचारू लागली, "शीतल कुठंय?" इतिहासाचे सर तर माझ्या तोंडावर म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय ताई. हसून देते तरी." म्हणजे मी काय चावून देत होते? अंगाची नुसती आग झाली.

सोमवारी त्याच सरांना पाहुण्यांसमोर कंधारच्या किल्ल्याच्या स्लाइड्स दाखवायच्या होत्या. आदल्या शुक्रवारी शीतलनं त्या स्लाइड्सची पेटी तपासून कपाटात ठेवली. ती जेवायला गेली आणि मी... पेटी उचलून पिशवीत टाकली. कार्ड नाही, सही नाही. पेटी हरवली की तिचं कंत्राट गेलंच! संध्याकाळी लातूरला माहेरी गेले. आईच्या कपाटात साड्यांखाली पेटी सारली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. शनिवारी भाचीचा साखरपुडा होता. दिवसभर मी तिथंच, प्रत्येक फोटोत आहे.

सोमवारी मुद्दाम लवकर पोचले. शीतलचं तोंड कसं उतरतंय ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू! तिनं कपाट उघडलं... पेटी जागेवर होती.

मी रजिस्टर ओढलं. शुक्रवारी नेली, शनिवारी जमा — माझ्या नावावर. अक्षर माझं, सही माझी, सहीखालचे दोन ठिपकेसुद्धा माझेच.

"हे कधी लिहिलं गं?"

"असं काय करून राहिलात ताई? शनिवारी दुपारी तुम्हीच आणून दिली की." शीतलचे डोळे भरून आले. "म्हणलात, चुकलं माझं पोरी, तुझ्यावर जळत होते. मग समोर बसवून जेवू घातलं मला. सर बी होते, विचारा."

सरांना विचारलं. "हाव, होतो की," म्हणाले.

आईला फोन लावला. "किल्ली तुझ्यापाशी, मी कशी उघडू बाई?" पुढच्या रविवारी लातूरला जाऊन कुलूप मीच काढलं. साड्या जशाच्या तशा होत्या. पेटी नव्हती.

पुरावा माग म्हणणारे वडील आता नाहीत. माझ्याकडं तर दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत, फोटो लातूरचे आणि सही नांदेडची. कोणाला दाखवू?

शीतलचं कंत्राट वाढलं. तिच्याशी मी आता नीट वागते. तरी कधी तोंड सुटलंच, तर ती हळूच म्हणते, "ताई, त्या शनिवारी किती छान बोललात तुम्ही." सरही तेच म्हणतात. सोळा वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

शीतलवरचा राग केव्हाच गेला... पण त्या शनिवारच्या बाईचा मला फार हेवा वाटतो.