प्रमिलानं घडवलेलं माझं डोकं

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचत आलो ते, खरं सांगायचं तर, चुका काढायला. रांजणगावच्या एका कंपनीत एकवीस वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या कामात आहे. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. घरात कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जायचो. तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

आम्ही केडगावचे. आठवडाभर मी कारेगावला खोली करून राहतो, शनिवारी घरी येतो. माझी बायको प्रमिला शाळेत चित्रकला शिकवायची. पुण्यात कुठल्याशा वर्कशॉपला गेली आणि राकूचं खूळ घेऊन आली. राकू म्हणजे काय, तर एकदा भाजलेल्या मातीच्या वस्तूला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप लावायचा, भट्टीत लालभडक तापवायचं आणि तशीच ती लांब चिमट्यानं उचलून उसाच्या पाचटाच्या डब्यात घालून झाकण लावायचं. धुरानं माती काळी पडते, ग्लेझला बारीक बारीक तडे जातात. त्या तड्यांचंच कौतुक! मी म्हणायचो, आमच्याकडं याला रिजेक्शन म्हणतात. त्यावर ती म्हणायची, "म्हनून तर तुमच्या कंपनीचा माल कुनी घरात मांडून ठेवत न्हाई." प्रमिला तळेगाव ढमढेऱ्याची. शाळेत अगदी शुद्ध बोलायची, माझ्याशी भांडताना मात्र माहेरची भाषा.

भट्टी मीच करून दिली होती, अंगणात मागच्या बाजूला. लोखंडी ड्रम, आतून उष्णता धरून ठेवणारं सिरॅमिकचं ब्लँकेट, खाली गॅसचा बर्नर. टेंपरेचर मीटरही लावून दिला. तिनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. झाकणाच्या भोकातून आत बघत राहायची आणि ग्लेझ ओल्यासारखं चकाकलं की म्हणायची, "आता." तसं मी झाकण उचलायचं आणि तिनं चिमटा घालायचा. जास्त वेळ गेला तर ग्लेझ ओघळतं, वस्तू वाया जाते.

गेल्या वर्षी तिनं माझं डोकं केलं. नारळाएवढं, चष्म्यासकट, कपाळावर आठ्या. नाक एवढं मोठं की मी म्हटलं, हे टॉलरन्सच्या बाहेर गेलंय. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ग्लेझ लावून झालं आणि भट्टी पेटवायच्या आधीच तिला पुण्याला ॲडमिट करावं लागलं. लिव्हर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी तिला काही बोललो नाही, पण तिला कळलं असणारच.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, रविवारी घरी जाऊन ते डोकं भाजा. व्हिडिओ लावा, मी हितनं सांगते कवा काढायचं. मला बघायचंय ते."

मी म्हणालो, "तू घरी आल्यावर काढू."

नंतरही दोन-तीनदा म्हणाली. मी चिडलोसुद्धा. हो म्हणालो तर ती घरी येणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मग तिनं विषयच सोडला. अकरा दिवसांनी ती गेली.

चार महिने ते डोकं कपाटात तसंच होतं. शेवटी आमची मुलगी रीना म्हणाली, पप्पा, आईचं ते काम पुरं करू या. चर्चमधली रविवारची उपासना झाली, जेवणं झाली, आणि दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघांनी भट्टी पेटवली. झाकण रीनाकडं. चिमटा घेऊन मी प्रमिलाच्या जागी उभा. आत बघायची माझी काही हिंमत होईना, म्हणून मीटरवर डोळे लावून बसलो. साडेनऊशेला काढायचं ठरवलं होतं. मीटर आठशे सत्तरवर होता.

बर्नर चालू असला की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. आणि त्या घोंगावण्यात मला स्वच्छ ऐकू आलं — "आता." ओरडून नाही, साध्या आवाजात. रीनाच्या बाजूनं आलं. मी वर पाहिलं तर तिनं झाकण उचललेलंही होतं. मी खेकसलो, अगं, अजून ऐंशी डिग्री कमी आहे, कुणी सांगितलं तुला? पण आत बघितलं तर डोकं ओल्यासारखं चकाकत होतं. मी ते उचललं, पाचटात घातलं, डबा बंद केला. बर्नरही बंद केला.

रीना म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, आता?"

"मी कुठं? तू म्हणालीस."

"नाही पप्पा. तुमच्या बाजूनं आलं."

मी विचारलं, "आवाज माझा होता?"

ती पायरीवर बसली. मान हलवली — नाही. मग रडायलाच लागली. मला तिच्याजवळ जाऊन बसायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर कंपनीत नेऊन तपासला. बरोबर ऐंशीच्या आसपास कमी दाखवत होता. मी आकड्याची वाट बघितली असती तर नाकासकट सगळं ओघळून गेलं असतं. म्हणजे मीटरचा उलगडा झाला. आवाजाचा नाही. शेजारचे त्या दिवशी दौंडला लग्नाला गेलेले. आमचे फोन आत, घरात. रस्ता लांब. दोन माणसांना एकच शब्द, एकाच क्षणी, एकमेकांच्या दिशेनं कसा ऐकू येतो, हे मी बऱ्याच जणांना विचारून बघितलं. कुणी मनाचे खेळ म्हणतं. असतीलही. मग दोघांच्या मनाचे एकदमच कसे?

रीना म्हणते, आई आली होती, तिनं पाहिलं. त्यानं तिला बरं वाटतं, मी काही बोलत नाही. पण तुम्ही कुणी मला तसं लिहू नका, प्लीज. कारण ती आली असेल, तर ते चार महिने ती त्या भट्टीपाशीच थांबलेली असणार, मी कधी पेटवतोय याची वाट बघत. आणि मी दर शनिवारी घरी येत होतो, आणि मागच्या अंगणात पायसुद्धा टाकत नव्हतो.