हशासाठी सोडलेली जागा

शेजारच्या बंगल्यात विनोदी मालिकेचं शूटिंग होतं, म्हणून आई आणि मी बघायला गेलो. दिग्दर्शकाला आई पूर्वीपासून ओळखत होती. गणपतीच्या मांडवात तो नकला करायचा, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसायची. पुढे तो मालिकांमधून घरोघरी पोचला आणि आता इतरांकडून विनोद बसवून घेतो.

"हसायचं नाही हं कुणी, रेकॉर्ड होतं," असं आम्हाला दारातच बजावलं होतं. विनोदाच्या कारखान्यात इतकी शांतता असेल असं वाटलं नव्हतं!

नटीने नवऱ्याला फर्मास टोमणा मारला. आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सीन संपला, तरी दिग्दर्शक 'कट' म्हणेना. हात तसाच वर.

"सर, कट ना?" नटीने विचारलं.

"अगं, थांब की. लोकांचं हसून होऊ दे आधी."

कुठले लोक? समोर दिवे होते, वायरी होत्या आणि तोंड दाबून बसलेल्या आम्ही दोघी. हशा तर म्हणे नंतर मशीनमधून भरतात. मग हा कोणाचं हसू ऐकतोय? त्या मांडवातलं अजून याच्या कानात उरलंय की काय?

पुढच्या विनोदाला मी त्याच्याकडे न बघता, तो बघत होता तिकडे बघितलं. आईचे खांदे गदगदा हलत होते. हळूहळू ते थांबले.

आणि तो म्हणाला, "कट."