गोठ्यातली रेंज

आमची वाडी पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर डोंगरात आहे. वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठी धोंड आहे, आणि जुन्या कंपनीची रेंज फक्त त्या धोंडीवर यायची. संध्याकाळी सात वाजले की सगळी वाडी आपापले फोन घेऊन तिथे जमायची, कारण मुंबईतल्या माणसांच्या ड्युट्या त्याच सुमाराला सुटतात. पावसात लोक डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बसायचे. एकाच वेळी दहा-बारा जण बोलत असत आणि प्रत्येकजण स्वतःचं बोलता बोलता शेजारच्याचं ऐकत असे. कोणाच्या नवऱ्याला खोकला झालाय, कोणाचा मुलगा नोकरी सोडून बसलाय, हे वाडीला एकदमच कळायचं. फोन ठेवला की सल्ले मिळत. कधी कधी ठेवायच्या आधीच मिळत.

मला चार माणसांत बोलता येत नाही. शाळेत बाईंनी कविता म्हणायला उभी केली की माझे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. हे मुंबईला औषधांच्या गोदामात आहेत. गोदामात फोन गेटवर जमा करतात, तो सातला परत मिळतो. या सगळ्या वर्षांत धोंडीवरून मी यांच्याशी जे बोलले ते एका ओळीत मावेल. हां, बरं, जेवलात का, ठेवते. मी एवढंच बोलत असताना सासूबाई माझ्या खांद्यापाशी कान लावून बसायच्या आणि नंतर म्हणायच्या, "काय बोललीस ते ऐकूच आलं नाय."

यंदा मुलगी दहावी पास झाली. तिला महाडला अकरावीला जायचं होतं, आणि मलाही तिला पाठवायचं होतं. पण मुंबईला माझ्या नणंदेला बाळ झालं होतं. तिने यांना सांगितलं की पोरीला वर्षभर माझ्याकडे ठेव, बाळाकडे बघेल, शाळा काय पळून जाते का. यांनी हो म्हटलं. मला ते धोंडीवरच्या फोनवर सांगितलं, म्हणजे ते वाडीने ऐकलं, आणि वाडीतली निम्मी माणसं म्हणाली की बरं झालं, पोरगी मुंबई बघेल. मला नाही म्हणायचं होतं. पण ते त्या धोंडीवर बसून कसं म्हणू? चिठ्ठी लिहिली असती, तर यांच्या खोलीवर आमच्या वाडीचे आठ जण राहतात. जो आधी कामावरून येतो तो चिठ्ठी फोडतो आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो.

मे महिन्याच्या शेवटी वाडीतल्या एकांचा जावई आला होता. तो आमच्या ओटीवर पाणी प्यायला बसला आणि त्याचा फोन वाजला. आमच्या ओटीवर, बसल्या जागी. मी विचारलं नाही, मुलीला विचारायला लावलं. तो म्हणाला, ही कंपनी वेगळी, नंबर तोच ठेवून बदलता येते. त्या दिवशी मी ठरवलं की कंपनी बदलायची, घरात दार लावून यांच्याशी बोलायचं आणि नाही म्हणायचं.

त्यासाठी आधी जुन्या नंबरवरून एक मेसेज पाठवावा लागतो. मग उलट एक कोड येतो, तो दुकानात दाखवायचा. मेसेज अर्थातच धोंडीवरून पाठवावा लागला. मुलीने पाठवला, कोड आला, आणि पाच मिनिटांत मलाच फोन आला. जुन्या कंपनीची बाई होती.

"मॅडम, आपण आम्हाला सोडून का जात आहात? आमच्याकडून काही चूक झाली का?"

मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाय हो. तुमची काय चूक नाय."

"मग काही तक्रार आहे का? आम्ही दूर करू. आपण किती वर्षं आमच्या सोबत आहात."

धोंडीवरचे सगळे आपापले फोन कानाला तसेच ठेवून गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, "कोण गो?" मी त्या बाईला हळूच सांगितलं, "आता बोलता येत नाय, माणसं आहेत." ती म्हणाली, "काही हरकत नाही मॅडम, मी उद्या करते." आणि खरंच दुसऱ्या दिवशी सातला तिने केला. तिसऱ्या दिवशीही केला. वाडीतली एक म्हातारी मला म्हणाली, "एवढ्या इनवण्या करते तर रहा की गो. माझ्या सासरच्यांनी एकदा पन विचारला नव्हता." मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. तरी मी मुलीला घेऊन पोलादपूरला गेले.

दुकानदाराने मशीन पुढे केलं आणि अंगठा ठेवायला सांगितला. मशीनने घेतला नाही. दुसरा अंगठा ठेवला, तोही नाही.

"काकी, लावणीला जाता ना? बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत." त्याने मला साबणाने हात धुवायला लावले, मग पुसायला लावले, मग खोबरेल तेलाचा थेंब लावला. आम्ही एकेक करून दहाही बोटं ठेवली. गिऱ्हाईकं थांबून बघत होती. नवव्या बोटाला मशीन पीं वाजलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं. दुकानदार म्हणाला, "हे बोट तुम्ही वापरत नाही वाटतं." पोलादपुरात जुन्या सिमला रेंज होती, पण हे त्या वेळी गोदामात होते आणि आमची शेवटची एसटी पाचची.

चार दिवसांनी जुनं सिम बंद पडलं आणि नवं चालू झालं. मी ओटीवर बसून फोन बघितला. रेंज नव्हती. घरात नव्हती, माजघरात नव्हती. मुलगी माळ्यावर चढली, मी चुलीपाशी गेले, सासूबाई म्हणाल्या की देवापुढे ठेवून बघ. देवापुढेही नव्हती. वाडीत म्हणतात की पावसात झाडांना पानं आली की रेंज सरकते. तशी ती सरकली होती. धोंडीवर तर नव्या कंपनीचं नावही येत नव्हतं. कॉलेजात फॉर्म भरायचा शेवटचा दिवस शनिवार होता, आणि हा बुधवार.

गुरुवारी संध्याकाळी मी फोन हातात घेऊन घराभोवती फिरत होते. मागच्या वईपाशी, काट्याकुट्यांच्या कुंपणापाशी गेले तेव्हा फोनवर रेंजची एक दांडी दिसली. वईवरून वाकले तर दोन दिसल्या. वईपलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा गोठा आहे.

थोरल्या दिरांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून आहे, पण अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. हद्दीवर एक फणस होता, तो कोणाचा यावरून बंद झालं. तो फणस वादळात पडला, त्याची लाकडं दोन्ही घरांनी अर्धी अर्धी जाळली, तेही न बोलता. बोलणं बंद ते बंदच राहिलं.

जाऊबाई म्हशीची धार काढत होत्या. मला बघून त्यांनी मान फिरवली आणि म्हशीला म्हणाल्या, "म्हशी, बघ गो, वईवर कोण लोंबकळतंय. वई मोडली तर बांधायला तुझा बाप येनार हाय काय?"

जाऊबाईंशी बोलणं बंद होतं. पण म्हैस माझ्याकडे बघत होती, आणि म्हशीशी बोलायला मला कधी लाज वाटलेली नाही.

मी म्हटलं, "म्हशी, रेंज हाय काय ते बघते."

"म्हशी, इचार तिला, रेंज काय तुझ्या शेणात हाय?"

"म्हशी, तुझ्या शेपटीकडं दोन दांड्या दिसतायत."

जाऊबाईंचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "म्हशी, मग आत येऊन बघ म्हनावं. भायेर भिजून फोन गेला तर माझ्या नावानं बोंब."

मी वईतून आत गेले. म्हशीच्या मागे, पेंढ्याच्या कडेला तीन दांड्या आल्या. सात वाजले होते. मी यांना फोन लावला.

"हां, बोल," हे म्हणाले. "आज धोंडीवर कोन नाय काय? आवाज नाय कोनाचा."

अठरा वर्षं मी समजत होते की माणसं असतात म्हणून मला बोलता येत नाही. इथे माणसं नव्हती. जाऊबाई होत्या, पण त्यांनी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं होतं आणि आमचं तर बोलणंच नव्हतं, म्हणजे त्या असून नसल्यासारख्या. तरी मला बोलता येईना.

"बोल ना गो. पोरीची पिशवी भरली काय? आईतवारी गाडीत बसव तिला."

मी म्हशीकडे बघितलं आणि म्हटलं, "म्हशी, त्यांना सांग, पोरगी मुंबईला येनार नाय. ती महाडला अकरावीला जानार. तिच्या आत्याला बाळाचं बघायला दुसरं कोनतरी मिळेल. पोरीला परत अकरावी मिळनार नाय. मला वाटतंय तसं, म्हनून सांगतेय."

म्हशीने शेपटी उडवली. मी फोन बघितला तर दांड्या गेल्या होत्या. फोन कधी तुटला, ते कळलं नाही. मी परत परत लावला, लागला नाही.

"म्हशी," जाऊबाई म्हणाल्या, "अर्धं गेलं काय सगळं?"

"म्हशी, ठाऊक नाय."

"म्हशी, तिनं सांगायचं ते सांगितलं. ऐकायचं त्याचं काम. त्यासाठी शनवार थांबत नाय म्हनावं."

मी शुक्रवारी सकाळी सासूबाईंना म्हटलं की पोरीच्या दाखल्यासाठी महाडला जाते. खोटं नव्हतं, दाखला बरोबर होताच. कॉलेजात गर्दी होती. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म बघितला आणि विचारलं, "वडिलांना माहीत आहे ना?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाले?"

"अजून काय म्हनाले नाहीत."

बाई हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला. मुलीने पावती दप्तरात न ठेवता घरापर्यंत हातातच धरली.

घरी आल्यावर पावती बघून सासूबाई म्हणाल्या, "त्याला इचारलंस?"

"सांगितलं."

"कुठून सांगितलंस? धोंडीवर तर तुझ्या फोनला रेंज नाय."

मी भाताला आधण ठेवायला गेले.

सातला मी वईतून आत शिरले. जाऊबाईंनी पेंढ्याच्या कडेला एक पाट ठेवला होता. त्याच्याबद्दल त्या म्हशीलाही काही बोलल्या नाहीत. फोन यांनीच केला.

"काल काय सांगत होतीस?" हे म्हणाले. "म्हशी म्हशी एवढंच ऐकायला आलं. म्हैस व्याली काय?"

म्हणजे काहीच पोचलं नव्हतं. मी पाटावर बसले आणि म्हटलं, "महाडला अकरावीचा फॉर्म भरला. आज. पावती मिळाली. पोरगी मुंबईला येत नाय."

पलीकडे गेटवर कोणीतरी ट्रकला मागे, मागे म्हणत होतं. मी दांड्या बघत होते, तीनच्या तीन होत्या.

मग हे म्हणाले, "थांब जरा. पन म्हैस कुनाची? आपल्याकडं म्हैस नाय."

तेवढ्यात म्हशीने हंबरून उत्तर दिलं.

"तू दादाच्या गोठ्यात हायस?" यांचा आवाज चढला. "अकरा वर्षं आमी त्या घराकडं बघत नाय आनि तू गोठ्यात बसून फोन करतेस? वाडीत कुनी बघितलं तर? आई काय म्हनेल? ते अकरावीचं असू दे एका बाजूला, भरलास तर भरलास फॉर्म, तिच्या आत्याला मी सांगतो कायतरी. पन गोठ्यात? कंपनी बदललीस ती काय त्यांच्या गोठ्यात बसायला?"

अकरावीचं असू दे म्हणाले, ते मी नीट ऐकलं. बाकीचंही ऐकलं, यांचं संपेपर्यंत.

"उद्यापासून तिथं जायचं नाय," हे शेवटी म्हणाले.

"मग फोन कुठून करू? नवी रेंज इथंच हाय."

मागून कोणीतरी यांना चल म्हणून हाक मारत होतं.

"बरं," हे म्हणाले. "मग मीच सातला करत जाईन."

जाऊबाईंनी दुधाची कासंडी उचलली, आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून जरा मोठ्याने, फोनमध्ये जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "म्हशी, त्याला सांग, सातला धार असते. साडेसातला कर म्हनावं."