मामांचा उलटा स्वेटशर्ट

मैत्रिणींनो, आज सकाळी सासऱ्यांवर, म्हणजे आमच्या मामांवर चिडले आणि शेवटी मीच चुकीची ठरले!

त्यांच्यासाठी सांगलीहून स्वेटशर्टचं कापड आणलं होतं, आतून लोकरीसारखं मऊ. शिवल्यावर आटू नये म्हणून आधी धुऊन वाळवलं, मगच कापलं. दोन दिवस मशीनवर बसून शिवलं.

आज बघते तर मामा तो उलटा घालून मेंढरांमागं निघालेले. मऊ बाजू बाहेर, सगळी शिवण उघडी! माझं डोकंच फिरलं.

"आवं मामा, उलटा घातलाय तुमी!"

"असू दे गं," म्हणत त्यांनी कालच जन्मलेलं कोकरू छातीशी धरलं. "ह्याला मऊ लागाय पायजे."

आता मला दोन्ही बाजूंनी मऊ असलेलं कापड हवंय. सांगलीत कुठं मिळेल?